शाळकरी बातमीदार आणि शाळेचे कर्तव्य

जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळांची कुलपे निघतात. उन्हाने भाजून निघालेल्या इमारतींत पहिल्या पावसाबरोबर पुन्हा गलबला सुरू होतो आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत वर्षाच्या कामांची वाटणी होते. वेळापत्रक कोणी करावयाचे, पोषण आहाराची नोंद कोणी ठेवावयाची, स्नेहसंमेलन कोणाकडे आणि सहल कोणाकडे, हे सारे ठरते. आणि यादीच्या अगदी शेवटी, बहुधा मराठीच्या एखाद्या तरुण शिक्षकाच्या गळ्यात, हस्तलिखिताचे व भित्तिपत्रकाचे काम पडते. हे शेवटचे काम आता पूर्वीसारखे निरुपद्रवी राहिलेले नाही. जाड कागदाच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या कवितांच्या जोडीला शाळेचे यूट्यूबवरील खाते आले आहे, इन्स्टाग्रामवरील पान आले आहे, पालकांचा व्हॉट्सॲप गट आला आहे. नववी-दहावीतील मुले मोबाईल हातात धरून शाळेची बातमी सांगू लागली आहेत. कोणी क्रीडास्पर्धेचा वृत्तान्त देतो, कोणी वृक्षारोपणाचा. आणि एखादा दिवस असा उजाडतो की, त्या रोपांना पुढे पाणी कोणीच घातले नाही, हेही एखादी मुलगी सांगून टाकते. खरी अडचण त्या दिवशी सुरू होते.

या अडचणीवर आमच्याकडील शाळांचे उत्तर बहुधा एका शब्दाचे असते, आणि तो शब्द म्हणजे 'बंदी'. मोबाईल बंद, खाते बंद, झालेली चित्रफीत पुसून टाका, आणि पुन्हा असे करणार नाही असे लिहून द्या. काही शाळांचे उत्तर याच्या अगदी उलट असते. तेथे कोणी काहीच विचारीत नाही, आणि एखाद्या मुलीचे छायाचित्र साऱ्या तालुक्यात फिरून आल्यावर मग धावाधाव होते. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे एकाच आळसातून निघालेली आहेत. शाळेने या बाबतीत आधी बसून विचार केलेला नसतो, काही लिहून ठेवलेले नसते, आणि म्हणून प्रसंग आला की जो तो आपल्या स्वभावाप्रमाणे वागतो. भित्रा असेल तो दडपतो, बेफिकीर असेल तो दुर्लक्ष करतो. शाळकरी बातमीदारांसाठी प्रत्येक शाळेने एक पानाची, सोप्या मराठीतील, मुलांना बरोबर घेऊन केलेली लेखी नियमावली करावी, आणि त्या नियमावलीने मुलांच्या आधी शाळेला बांधून घ्यावे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

वर्तमानपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे खडूफळ्याची चाकरी केली आहे. त्या काळातील एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण त्यातील दोष दुसऱ्या कोणाचा नसून आमचाच आहे. नववीच्या हस्तलिखितात एका चुणचुणीत विद्यार्थ्याने 'वर्गाचे वार्तापत्र' लिहिले होते. त्यात, अमुक एक विद्यार्थी तीन वर्षे एकाच सदऱ्यात शाळेत येत असून त्या सदऱ्याचा शाळेने सत्कार करावा, असा विनोद होता. आम्ही तो मजकूर वाचला, हसलो, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि पान पुढे जाऊ दिले. ज्या मुलाविषयी ते लिहिले होते, त्याचे वडील सालदार होते. तो मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी लिहिणारा मुलगा आणि आम्ही असे दोघे त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने आम्हांस गुळाचा चहा दिला आणि एक शब्दही विचारला नाही. परत आल्यावर आम्ही ते पान वहीतून काढले आणि साऱ्या वर्गापुढे सांगितले की, चूक लिहिणाऱ्याची अर्धी आणि तपासणाऱ्याची पूर्ण आहे. मुलगा पुन्हा येऊ लागला. हे सारे निस्तरता आले याचे कारण आमचे शहाणपण नव्हे. त्या वहीची प्रत एकच होती, हे त्याचे कारण. आज तोच मजकूर सकाळी टाकला तर दुपारपर्यंत त्याच्या किती प्रती निघाल्या आणि त्या कोणाच्या खिशात आहेत, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पान फाडण्याची सोय संपली आहे. लिहिण्याआधी विचार करण्याची गरज तेवढ्याच पटीने वाढली आहे.

ही गरज किती भयंकर रूप घेऊ शकते, याचा धडा महाराष्ट्राने आपल्याच भूमीवर घेतला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षेकरी भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्याआधी मोबाईलवरून गावोगाव पसरली होती. ती अफवा पुढे पाठविणाऱ्या शेकडो बोटांपैकी एकालाही आपण काही लिहितो आहोत, प्रसिद्ध करतो आहोत, असे वाटले नसेल. 'आलेले पुढे पाठविले' एवढेच त्यांचे म्हणणे. पुढे पाठविणे म्हणजेच प्रसिद्ध करणे, हे ज्या पिढीला शाळेत कोणी शिकविले नाही, त्या पिढीकडून ते पाप घडले. व्हॉट्सॲप कंपनीने त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्राला मर्यादा घालणे कंपनीच्या हाती होते. माणसाच्या मनाला ती घालण्याचे काम शाळेवाचून दुसरे कोण करणार?

परंतु येथे एक सावधगिरी हवी. राईनपाड्याचे नाव घेऊन मुलांच्या तोंडाला कुलूप घालणारे लोक आमच्यात कमी नाहीत. त्यांनी दुसरी बाजूही पाहावी. ऑगस्ट २०२२ मध्ये झारखंड राज्यातील गोड्डा जिल्ह्यातील एका बारा वर्षांच्या मुलाने शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीचा ध्वनिक्षेपक केला आणि आपल्या पडक्या शाळेची, वाढलेल्या गवताची, गैरहजर शिक्षकांची बातमी वार्ताहराच्या थाटात सांगितली. ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. परिणामी दोन शिक्षक निलंबित झाले आणि शिक्षण खात्याला त्या शाळेकडे पाहावे लागले. त्या मुलाने कोणाची निंदा केली नाही, अफवा उठविली नाही. डोळ्यांना दिसले ते दाखविले. वर्षानुवर्षे तपासणीच्या वह्यांत 'समाधानकारक' असा शेरा लिहिणाऱ्यांना जे जमले नाही, ते एका पोराने बाटलीच्या साहाय्याने केले. अशा मुलाला आमच्या जिल्ह्यातील एखाद्या शाळेत शाबासकी मिळेल की शाळा सोडल्याचा दाखला, हा प्रश्न प्रत्येक मुख्याध्यापकाने स्वतःला एकांतात विचारावा.

दाखल्याची भीती आम्ही उगाच दाखवीत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद असताना पालघर येथील दोन तरुणींपैकी एकीने त्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्यांना पसंती दर्शविली. एवढ्यावरून दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या अटकेने अस्वस्थ झालेल्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ घटनाबाह्य ठरून रद्द झाले. तरीही धडा पुरता शिकला गेला नाही. मे २०२५ मध्ये पुण्यातील एकोणीस वर्षांच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने 'ऑपरेशन सिंदूर'विषयीचा दुसऱ्याचा मजकूर इन्स्टाग्रामवर पुढे टाकला. चूक लक्षात येताच तिने तो काढला व क्षमा मागितली. तरी तिला अटक झाली, आणि तिचे म्हणणे ऐकून न घेताच महाविद्यालयाने तिचे नाव कमी केले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शासन आणि महाविद्यालय या दोघांनाही खडे बोल सुनावून तिची मुक्तता करविली, महाविद्यालयाच्या आदेशाला स्थगिती दिली आणि तिचा परीक्षेला बसण्याचा मार्ग मोकळा केला. तिने पुढे टाकलेला मजकूर योग्य होता की अयोग्य, हा वाद आम्ही येथे काढीत नाही. चुकलेल्या विद्यार्थ्याला समजावणे हे शिक्षणसंस्थेचे काम आहे. त्याला पोलिसांच्या वाटेवर सोडून आपण हात झटकणे, याला शिक्षण म्हणत नाहीत.

विद्यार्थी हा शाळेच्या फाटकाशी आपले नागरिकत्व काढून ठेवीत नाही, हे आमच्या न्यायालयांनी फार पूर्वी मान्य केले आहे. केरळमधील तीन शाळकरी भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे ते म्हणत नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला आणि अभिव्यक्तीचे व श्रद्धेचे स्वातंत्र्य शाळकरी मुलांनाही आहे, हे स्पष्ट केले. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाजूने तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली निकाल दिला. पुढे १९८८ साली त्याच न्यायालयाने मात्र शाळेच्या वृत्तपत्रातील दोन पाने गाळणाऱ्या मुख्याध्यापकाची बाजू उचलून धरली. त्या पानांवर अल्पवयीन मुलींचे मातृत्व आणि आईवडिलांचा घटस्फोट या विषयांवरील लेख होते. लेखातील मुली नावे बदलूनही ओळखू येतील, ही त्या मुख्याध्यापकाची चिंता काही खोटी नव्हती. त्याने लिहिणाऱ्या मुलांना बोलावून, ही ओळख कशी झाकता येईल, असे विचारले असते तर कदाचित पानेही राहिली असती आणि मुलींची अब्रूही. परंतु वर्ष संपत आले होते, वेळ नव्हता, म्हणून पानेच गेली. त्या दूरच्या शाळेतील ही गोष्ट आमच्या शाळांना जवळची वाटावी अशी आहे. आमच्याकडेही विचारण्यास वेळ नसतो आणि कापण्यास असतो.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. यवतमाळचे नाव वर्तमानपत्रांत ज्या कारणांनी येते, ती कारणे अभिमानाची नाहीत. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, २०१७ च्या पावसाळ्यातील कीटकनाशक फवारणीचे बळी, दुष्काळ, कर्ज. या साऱ्या बातम्यांतून आमच्या घरांची, अंगणांची आणि रडणाऱ्या माणसांची छायाचित्रे देशभर गेली. बातमी जावयास हवी होती, यात शंका नाही. पण त्या छायाचित्रांतील मुले दुसऱ्या दिवशी शाळेत गेली तेव्हा वर्गाने त्यांच्याकडे कसे पाहिले असेल, याचा विचार छायाचित्र काढणाऱ्यांपैकी किती जणांनी केला? ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पोलिओच्या लसीऐवजी बारा बालकांच्या तोंडात हात स्वच्छ करण्याच्या द्रवाचे थेंब घालण्यात आले. मुले सुदैवाने बरी झाली. यंत्रणेचा निष्काळजीपणा चव्हाट्यावर येणे आवश्यक होते; त्या बारा बालकांची नावे व चेहरे चव्हाट्यावर येण्याची काहीएक आवश्यकता नव्हती. शाळकरी बातमीदाराला पत्रकारितेचा पहिला पाठ याच उदाहरणावरून द्यावा. ज्याच्या हाती अधिकार होता आणि ज्याने चूक केली, त्याला नावानिशी प्रश्न विचारता येतो. ज्याने सोसले, त्याचे नाव त्याच्या इच्छेवाचून घेता येत नाही.

दुसरा पाठही घरचाच आहे. जानेवारी २०१९ मध्ये ब्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरले. उद्घाटनासाठी बोलाविलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण ऐनवेळी मागे घेण्यात आले. परिणाम काय झाला? जे भाषण मंडपातील श्रोत्यांनी ऐकून सोडून दिले असते, ते त्यांच्या नावाचा गाजावाजा होऊन घरोघर वाचले गेले. पुढे त्याच व्यासपीठावर राजूर या कळंब तालुक्यातील गावच्या वैशाली येडे यांनी उद्घाटक म्हणून उभे राहून आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीचे जिणे स्वतःच्या शब्दांत सांगितले, तेव्हा सारा मंडप स्तब्ध झाला. दुसऱ्याने काढलेले आपले रडते छायाचित्र आणि आपण उभे राहून सांगितलेली आपली गोष्ट, या दोहोंतील अंतर त्या दिवशी यवतमाळने पाहिले. दडपलेला शब्द दुप्पट वेगाने फिरतो आणि ज्याचे त्याने सांगितलेले दुःख दयेची भीक मागत नाही. ही दोन सत्ये शिकविण्यास आमच्या शिक्षकांना बाहेरची पुस्तके आणण्याची गरज नाही.

येथे आम्हांस एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. समाजमाध्यमांच्या बाबतीत मुलांना नीती शिकविण्याचा अधिकार शाळांनी आधी मिळविला पाहिजे. गरीब विद्यार्थ्यांना वह्यांचे वाटप झाले की देणाऱ्याचा हसरा आणि घेणाऱ्याचा खाली घातलेला चेहरा शाळेच्या पानावर त्याच सायंकाळी झळकतो. गणवेश, चप्पल, सायकल, काहीही वाटा, छायाचित्र ठरलेले. त्या मुलाला कोणी विचारले होते काय? त्याच्या वडिलांना विचारले होते काय? आमच्या हस्तलिखितातील सदऱ्याचा विनोद आणि हे सत्काराचे छायाचित्र, यांत हेतूचा फरक असेल, परिणामाचा नाही. २६ जानेवारी २०२३ ला जालना जिल्ह्यातील एका चिमुकल्याने लोकशाहीवर केलेले भाबडे भाषण महाराष्ट्रभर गाजले. ते निर्मळ होते, पण पुढे कितीएक ध्वनिक्षेपक त्या कोवळ्या पोराच्या तोंडाशी धरले गेले आणि त्याच्याकडून तेच तेच वदवून घेतले गेले, हे पाहून कोणाही शिक्षकाच्या मनात कालवाकालव व्हावी. मोठ्यांनी मुलांचा तमाशा करावयाचा आणि मग मुलांना मोबाईल वापरण्याची नीती सांगावयाची, हे म्हणजे 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण' यातलेच झाले.

मग त्या एका पानाच्या नियमावलीत काय असावे? आम्ही कायदेपंडित नाही. पण वर्गातील आणि वृत्तकचेरीतील अनुभवावरून काही गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट सत्याची. जे स्वतः पाहिले वा ऐकले नाही, ते दोन जाणत्या माणसांना विचारल्यावाचून लिहू नये. आणि ज्याच्यावर दोष येतो, त्याचे म्हणणे प्रसिद्धीच्या आधी घ्यावे, नंतर नव्हे. शाळेत पाणी नाही, असे लिहिणाऱ्या मुलीने मुख्याध्यापकांना 'का नाही?' हे विचारले पाहिजे आणि मुख्याध्यापकांनी तिला उत्तर दिले पाहिजे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कोणाचाही आवाज आणि चेहरा बनविता येतो. म्हणून कोठून आले हे ठाऊक नसलेले चित्र वा ध्वनिफीत वापरावयाचीच नाही, हा दंडक असावा.

दुसरी गोष्ट नावाची. कोणाही विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र त्याच्या आणि त्याच्या पालकांच्या संमतीवाचून जाऊ नये; आणि आजार, दारिद्र्य, घरातील मृत्यू, गुन्हा, नापासी, जात, या बाबतींत संमती मिळाली तरी जाऊ नये. आत्महत्येविषयी लिहिताना मार्गाचे वर्णन कधीही करू नये. हे आमच्या जिल्ह्यात तरी कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी. कायदाही येथे स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ पीडित बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करतात, आणि ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. त्याची शाळा, त्याचे घर, ओळख पटेल अशी कोणतीही खूण त्यात येते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक समजतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकाच्या संमतीचे तत्त्व मांडतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. शाळांनी अखेरच्या टप्प्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. चूक झाली तर मजकूर गुपचूप पुसू नये. जेथे चूक केली तेथेच, तेवढ्याच ठळकपणे, ती कबूल करावी. लहानपणी ही सवय लागली तर पुढे मोठमोठ्या वर्तमानपत्रांचेही कल्याण होईल, हे आम्ही स्वतःकडे पाहूनच म्हणतो.

चौथी गोष्ट खात्याची. शाळेचे खाते निराळे आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे निराळे. शाळेच्या खात्याची किल्ली एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी यांच्याकडे असावी; एकट्याकडे नसावी. शिक्षक-विद्यार्थ्यांचे या कामापुरते बोलणे सर्वांना दिसेल अशा गटात व्हावे. रात्री-अपरात्री खासगी निरोप नकोत. आणि घरी बसून विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने जे लिहिले, त्यात दुसऱ्या विद्यार्थ्याचा छळ वा धमकी नसेल तर शाळेने तिकडे पोलिसी नजरेने पाहू नये.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती शाळेसाठी आहे. मजकूर शाळेला अडचणीचा आहे, एवढ्याच कारणाने तो अडवू नये. अडवावयाचा असेल तर कारण दोन दिवसांत लिहून द्यावे. ते पटले नाही तर मुख्याध्यापक, एक शिक्षक, एक पालक आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी यांच्या बैठकीत मुलाला आपले म्हणणे मांडता यावे. ऐकून घेतल्यावाचून शिक्षा नाही, अंतर्गत गुणांत कपात नाही, मोबाईल हिसकावून त्यातील खासगी निरोप वाचणे नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बालकाला शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही करण्यास मनाई केली आहे. साऱ्या वर्गापुढे क्षमापत्र वाचावयास लावणे हा छळ नव्हे, असे कोणी म्हणेल काय? आणि वरील दुसऱ्या नियमाचे पालन शाळेने, संस्थाचालकांनी आणि वाटपास येणाऱ्या पाहुण्यांनीही करावे.

यावर आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो. मुख्याध्यापक म्हणतील, आमच्या मागे आधीच इतकी कागदपत्रे आहेत, त्यात ही भर कशाला? उत्तर असे की, एक पान आधी लिहिले तर पुढची पन्नास पाने वाचतात. संस्थाचालक म्हणतील, मुलांना शाळेवर टीका करू दिली तर प्रवेश कमी होतील. ज्या शाळेची कीर्ती एका नववीतील मुलीच्या दोन मिनिटांच्या चित्रफितीने ढासळते, ती कीर्ती मुळातच पोकळ पायावर उभी आहे. पालक म्हणतील, ही ब्याद हवीच कशाला. ऑस्ट्रेलियाने तर सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास १० डिसेंबर २०२५ पासून मनाई केली आहे. पालकांची काळजी आम्हांस अगदी रास्त वाटते. मुलांच्या झोपेवर, अभ्यासावर आणि मनावर या माध्यमांचा जो भार पडतो, तो आम्ही आमच्या घरांतही पाहतो. उद्या आपल्याकडेही अशी वयोमर्यादा आली तर तिचा विचार तिच्या गुणदोषांवर होईल. परंतु वयोमर्यादेने प्रश्न पुढे ढकलला जातो, सुटत नाही. सोळाव्या वर्षाच्या वाढदिवशी सकाळी विवेक आपोआप उगवत नसतो. पोहणे शिकविल्यावाचून मुलाला सोळाव्या वर्षी पैनगंगेच्या पुरात सोडणारा बाप शहाणा ठरत नाही. शाळेच्या एका सामाईक खात्यावर, शिक्षकाच्या डोळ्यांदेखत, चार मुलांनी मिळून महिन्यातून दोन बातम्या करणे, हे त्या पोहण्याचे उथळ पाण्यातील शिक्षण आहे.

आणखी एक शंका आमच्याच मनात येते, तीही लपवीत नाही. लेखी नियम केले म्हणजे भय जाते, असे नाही. कित्येकदा नियमावली हीच दडपणाचे नवे साधन होते. 'शाळेची प्रतिष्ठा राखावी' अशा एका मोघम कलमाखाली वाटेल ते चिरडता येते. म्हणून नियम मोघम नसावेत, थोडे असावेत, आणि ते करताना मुले खोलीत बसलेली असावीत. विद्यार्थी मंत्रिमंडळ बहुतेक शाळांत असते. त्याला पंधरा ऑगस्टच्या रांगा लावण्यापलीकडे काही खरे काम मिळू द्या. मुलांनी स्वतः केलेला नियम मुले पाळतात, हा आमच्या खडूफळ्याच्या दिवसांतील अनुभव आहे. आणि दुसऱ्याने लादलेला नियम चुकविण्यात ती किती पटाईत असतात, हाही.

मराठी पत्रकारितेचा जन्म तरुण हातांतून झाला, हे आमच्या शिक्षकांनी विसरू नये. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते. या यवतमाळच्या मातीतून १९१८ साली लोकनायक बापूजी अणे यांनी 'लोकमत' सुरू केले, तेव्हा परक्या सरकारचा डोळा प्रत्येक ओळीवर होता. लिहिणाऱ्याने सत्याला धरून लिहावे आणि सत्ताधाऱ्याने ते ऐकून घ्यावे, ही या परंपरेची दोन अंगे आहेत. पहिले अंग आम्ही मुलांना शिकवू पाहतो. दुसरे अंग शिकण्याची पाळी मोठ्यांवर आली आहे. शाळेत ज्या मुलाला प्रश्न विचारल्याबद्दल शिक्षा झाली, तो मोठा होऊन ग्रामसभेत प्रश्न विचारणार नाही. आणि ज्याला दुसऱ्याची अब्रू जपण्याचे कोणी शिकविले नाही, तो मोठा होऊन पुढच्या अफवेला आपले बोट देईल. गावाला दोघेही सारखेच महाग पडतात.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने, खासगी संस्थांच्या चालकांनी आणि पालक-शिक्षक संघांनी हा विषय येत्या सत्राच्या पहिल्याच बैठकीत घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्यासाठी निधी लागत नाही, शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. एक कागद, एक पेन, चार शिक्षक, चार पालक आणि आठ मुले एवढे पुरेसे आहे. आम्ही फाडलेले ते पान एका सालदाराच्या मुलाच्या चार दिवसांच्या गैरहजेरीत मिटले, हे आमचे नशीब. पुढच्या मुलाला नशिबावर सोडू नये.